सीमेजवळच्या छोट्या गावांत ती रेघ रोजच्या जगण्यात कुठे लागते?

प्रश्न (सिंहगड रस्ता, पुणे)
कामानिमित्त पुण्याहून बेळगावला जाताना कागल मागे पडते, दूधगंगा ओलांडली की कर्नाटक लागते. पण निपाणीत चहाला थांबावे तर भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा मराठीतच चालते. माझ्यासारख्या पेठेत वाढलेल्या माणसाला सीमा म्हटले की 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा दावा तेवढा आठवतो. तिथल्या माणसाला ही रेघ नेमकी कुठे अडते आणि कुठे अडतच नाही, हे त्या भागातून पुण्यात आलेल्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (धनकवडी, मूळ चंदगड)
आमचा तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. जिल्हा बदलला तरी बाजार बदलला नाही. लग्नाचा बस्ता, डोळ्यांचा डॉक्टर, ट्रॅक्टरचा सुटा भाग, यांसाठी आमची माणसे आजही शिनोळीवरून बेळगाव गाठतात. कोल्हापूरला जायचे ते कलेक्टर कचेरीच्या कामाला, तेही अगदी नाइलाज झाला तर.

1 नोव्हेंबरला बेळगावात मराठी माणसे त्या पुनर्रचनेच्या निषेधार्थ काळा दिन पाळतात आणि त्याच दिवशी कन्नड राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिनही असतो. त्या दिवशी माझी आई बाजार टाळते. भाषणांत अस्मितेचा विषय असतो, आमच्या घरात मात्र ‘आज एस.टी. सुटणार का’ एवढीच चौकशी चालते. मावशी पलीकडे दिलेली आहे. तिच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, आणि आयुष्यभर ती जमीन कसलेल्या माणसांना तो वाचून दाखवायला शेजारचा शाळकरी मुलगा बोलवावा लागतो.

प्रतिसाद २ (पिंपरी, मूळ जत)
आपल्या मावशींचा उतारा वाचून मला आमची अव्वा आठवली, कारण आमच्याकडे हेच चित्र उलटे आहे. जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या आमच्या घरात कन्नड बोलतात, मी महाराष्ट्रातल्याच जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत शिकलो, आणि अव्वाला सातबारा मी वाचून दाखवत असे. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्ही राज्यांतून भाविक येतात. तिथे कोण कुठला, हे कुणी विचारत नाही.

विचारले गेले ते पुण्यात. म्हैसाळ योजनेचे पाणी पोहोचत नाही म्हणून आमच्या भागातील गावांनी 2012 मध्ये कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी 2022 मध्ये तो पुन्हा पुढे आणला आणि कचेरीतले सहकारी मला ‘तुम्ही नक्की कुणाकडचे?’ असे विचारू लागले. त्या ठरावामागे पाणी होते, भाषा नव्हती; पण डब्याच्या सुट्टीत हे किती जणांना समजावणार?

प्रतिसाद ३ (वारजे, मूळ दोडामार्ग)
आमच्याकडे भाषेचा प्रश्न जवळपास नाही, पलीकडच्या गोव्यातल्यांची कोकणी आणि आमची मालवणी एकमेकींना सहज कळतात. पेट्रोल गोव्यात स्वस्त मिळते म्हणून दुचाकीची टाकी तिकडेच भरायची, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. आजार बळावला तरी सिंधुदुर्गाच्या मुख्यालयाआधी गोव्याचे सरकारी रुग्णालयच आठवते. 2018 मध्ये गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू केले, तेव्हा आपण ‘परराज्यातील’ आहोत हे माझ्या वडिलांना सत्तरीच्या घरात पहिल्यांदा कळले.