कंट्रोलर ११५० दाखवतो, पण नमुने जास्त भाजले जातायत

मफल_प्रश्न
कँथल ए-१ (लोह-क्रोमियम-अल्युमिनियम मिश्रधातू) एलिमेंटची मफल भट्टी (बंद कप्प्याची विजेची भट्टी) आहे. के टाइप थर्मोकपल (क्रोमेल आणि अल्युमेल या मिश्रधातूंच्या दोन तारा जोडून केलेला तापमान सेन्सर) एका टोकाला बंद असलेल्या अल्युमिना नळीत बसवलंय. मिनिटाला ५ अंशांनी चढवून ११५० °से.ला दोन तास धरतो. याच प्रोग्रॅमवर पूर्वी नमुने नीट निघायचे, आता बुडाला चिकटतात आणि कडा ढासळतात. डिस्प्लेवरचा आकडा मात्र हलत नाही. मध्यंतरी थर्मोकपल ते कंट्रोलर ही केबल बदलली आहे. थर्मोकपल बदलू की ऑफसेट (डिस्प्लेच्या आकड्यात ठरावीक अंशांची दुरुस्ती) टाकू?

कोल्डजंक्शन
ऑफसेटला आत्ता हात लावू नका. आधी केबल बघा. साधी तांब्याची वायर लावली असेल, टर्मिनल हेड (थर्मोकपलच्या तारा केबलला जोडतात ती डबी) ७० अंशांवर आणि कंट्रोलर ३० वर असेल, तर मधले ४० अंश मोजलेच जात नाहीत, कारण कंट्रोलर आपल्याकडचेच ३० धरतो. डिस्प्ले तेवढा कमी दाखवतो, भट्टी तेवढी जास्त तापते.

केबल के टाइपची असूनही दोन्ही टोकांना उलटी जोडली असेल तर चूक दुप्पट, म्हणजे ८० च्या आसपास. हे सहज घडतं, कारण अमेरिकी रंगपद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण असते, आणि वायरमनचा हात लाल वायर धनलाच नेतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हिरवी धन, पांढरी ऋण.

तपासायला सोपं आहे. तापमान स्थिर असताना टर्मिनल हेडवर हेअर ड्रायर धरा. केबल बरोबर असेल तर आकडा जागचा हलणार नाही. हेड तापेल तसा उतरू लागला, तर दोष केबलचाच.

धातुविद
सहमत, पण केबल बरोबर निघाली तर थर्मोकपल बाहेर काढून बघा. अरुंद बंद नळीत ऑक्सिजन कमी पडतो आणि साधारण ८०० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात क्रोमेलमधलं क्रोमियम निवडकपणे ऑक्सिडाइज होतं. तार हिरवट पडते, व्होल्टेज कमी देते आणि आकडा कमी दिसतो. चांगल्या क्रोमेलला चुंबक ओढत नाही, बिघडलेल्याला ओढतो (अल्युमेलला मुळातच ओढतो, गोंधळू नका).

टोक ११५० वर असलं तरी तार भिंतीतून जाताना हा पट्टा ओलांडतेच, आणि व्होल्टेज टोकाशी नाही, तर तारेत जिथे तापमान उतरत जातं तिथे तयार होतं. म्हणून फक्त टोक कापून नवीन वेल्ड करण्यात अर्थ नाही. एन टाइप (वेगळ्या मिश्रधातूंच्या तारांचा थर्मोकपल) घ्या. कंट्रोलरमधला सेन्सर टाइप आणि केबल, दोन्ही सोबत बदला.

मफल_प्रश्न
केबल तांब्याचीच निघाली, बदलतो. नंतर खात्रीसाठी तांब्याच्या तारेचा तुकडा वितळवून बघितला तर चालेल? १०८४.६ ना?

धातुविद
हवेत नको. ऑक्साइडमुळे तांबं १०६५ च्या सुमाराला वितळायला लागतं आणि तुम्ही उगाच वीस अंशांची 'दुरुस्ती' कराल. सोन्याची बारीक तार घ्या, १०६४.१८. अल्युमिनाच्या चकतीवर, नमुना असतो त्याच जागी ठेवा. १०५० पासून मिनिटाला १ अंशाने चढवा. तारेचा मणी झाला की डिस्प्ले वाचा.

कोल्डजंक्शन
नळीचं टोक भिंतीपासून किती आत आहे तेही मोजा. नळीच्या व्यासाच्या निदान दहापट हवं, नाहीतर उष्णता नळीतून बाहेर पळते आणि पुन्हा आकडा कमी. शिवाय ओव्हर-टेम्परेचर कटऑफ (तापमान फार वाढलं तर भट्टी बंद करणारं उपकरण) असेल तर त्याला वेगळा थर्मोकपल द्या. एकाच तारेवर दोन्ही चालत असतील, तर असल्या बिघाडात कटऑफही गप्पच बसतो.