ज्यांची आपली ओळख नाही, त्यांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

वाटसरू :
काल 'तटस्थ' यांनी येथे लिहिले की, ऊसतोड कामगारांसाठी सह्यांची मोहीम चालवणाऱ्या शहरी लोकांनी उसाचा फड पाहिलेला नसतो, त्यामुळे त्यांचा कळवळा उसना असतो. ज्याच्या दारी आपण कधी गेलो नाही, त्याच्या दुःखाविषयी गप्प राहावे, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून मी फार अस्वस्थ झालो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मी पुण्यात राहतो आणि एकाही ऊसतोड कामगाराला नावाने ओळखत नाही, हे मान्य. पण ओळख नाही म्हणून संबंधही नाही, असे होत नाही. बीडच्या डोंगराळ तालुक्यांतून जी जोडपी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांनी तोडलेल्या उसाची साखर माझ्या चहात रोज पडते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत त्या बाईला स्वतःचे नावही नसते. 2019 साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची माहिती आली, तेव्हा त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. ही समिती नेमली गेली ती बातम्यांनी गदारोळ झाल्यावर, आणि तो गदारोळ करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या बायकांना कधी पाहिलेही नव्हते. त्यांनी गप्प राहायला हवे होते का?

1791 साली ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारे विधेयक फेटाळले, तेव्हा इंग्लंडमधील हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर खाणे सोडले. त्या बेटांवर त्यांच्यापैकी किती जण गेले असतील? व्यापार बंद व्हायला 1807 साल उजाडले, पण त्या कुटुंबांनी आपल्या स्वयंपाकघरातून सुरुवात केली होती.

तटस्थ :
इंग्लंडचे उदाहरण चांगले आहे, परंतु तुम्ही साखर सोडलेली नाही, फक्त सही केली आहे. माझा आक्षेप नेमका तेथेच आहे. आमच्या सोसायटीतील मंडळी एका थंडीत कारखान्याजवळच्या ऊसतोड कामगारांच्या तळावर चादरी वाटायला गेली होती आणि मीही त्यांच्यासोबत होतो. एका बाईला तीन वेळा चादर हातात धरून उभे केले, कारण छायाचित्र नीट येत नव्हते. तिचे बाळ मागे कोपीत, म्हणजे झोपडीत, रडत होते आणि ती त्याच्याकडे वळून पाहत होती. पुढच्या वर्षी आमच्यापैकी कोणी तिकडे फिरकले नाही. त्या दिवसापासून मी ठरवले की, जेथे मी वर्षभर उभा राहू शकत नाही, तेथे एक दिवस जायचे नाही. माझ्या घरी काम करणाऱ्या बाईंना मी पगारी रजा देतो, त्यांच्या मुलीची फी भरतो. मला तेवढेच प्रामाणिक वाटते.

कृष्णाकाठ :
आपण दोघेही शहरातले आहात, म्हणून शेतकऱ्याची बाजू मांडतो. तोडणीचा खर्च कारखाना आमच्याच बिलातून कापतो, तरीही टोळी फडात आली की 'खुशाली', म्हणजे वरचे पैसे, मागते. माझ्याकडे गेल्या हंगामात एकरी पाच हजार रुपये मागितले. नाही म्हटले तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाते, ऊस वाळतो आणि वजन घटते. वाहनचालकाचे जेवणखाण आणि पैसे वेगळेच. ज्या गरिबांसाठी तुम्ही सह्या करता, त्यांनी माझ्यासारख्या दोन एकरवाल्याला वेठीस धरले, तेव्हा त्याच्यासाठी कोणी सही केली?

ट्रॅक्टरमालक :
कृष्णाकाठ यांनी अर्धेच सांगितले. टोळी आणतो म्हणून एका मुकादमाने माझ्याकडून सात लाख रुपये उचल घेतली आणि हंगाम सुरू झाला तरी एकही कोयता आला नाही. ट्रॅक्टर कर्जाचा, पैसे कारखान्याकडून घेतलेले, हमी माझ्या जमिनीची. मी त्याच्या गावी चार वेळा जाऊन आलो. आता सांगा, वंचित कोण?

वाटसरू :
आपली फसवणूक झाली याचे मला खरोखर वाईट वाटते, पण मुकादमाने बुडवलेले पैसे त्या बाईच्या गर्भाशयाच्या हिशेबात कसे धरता येतील?

ट्रॅक्टरमालक :
धरा किंवा धरू नका. ज्याचे सात लाख गेलेले नाहीत, त्याला असे प्रश्न सुचतात.

बालाघाट :
मी बीडमधल्या धारूर तालुक्यातली आहे. माझे आईवडील तीस वर्षे उसाला जात आहेत आणि यंदाही गेले आहेत. आपण सर्वजण आमच्याविषयी बोलत आहात, म्हणून लिहिणे भाग आहे.

कृष्णाकाठ दादा, खुशाली घेतली जाते, हे खरे आहे आणि मी त्याचे समर्थन करत नाही. पण तो पैसा कसा फिरतो, तेही पाहा. तोडीचा दर टनावर ठरतो. ऊस आडवा पडलेला असला, की दिवसभरात निम्मा माल निघतो आणि उचल तर अंगावर तशीच राहते. माझ्या आईला एका हंगामात ताप आला होता. तीन दिवस तिने कोयता धरला नाही, तर खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाचे, दिवसाला पाचशे रुपये उचलीत चढले. चौथ्या दिवशी पहाटे चारला ती उठली आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पडली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि पाचटावर बसून धाकट्या भावाला सांभाळत होते. ट्रॅक्टरमालक काका, तुमचे पैसे बुडवणारा मुकादम हंगामाच्या शेवटी आमचीही फिरती, म्हणजे अंगावर उरलेली उचल, खोटी दाखवतो. तुमचा आणि आमचा चोर एकच आहे, पण तुम्ही शोधायला येता ते आमच्या वस्तीवर.

तटस्थ, तुमची चादरीची गोष्ट मला पटली. परंतु त्यातून तुम्ही काढलेला अर्थ पटला नाही. त्या बाईला कोणी काही विचारले नाही, ही चूक होती. तुम्ही आलात, ही चूक नव्हती.

कृष्णाकाठ :
ताई, खाड्याचे मला ठाऊक नव्हते. माझ्या फडात येणाऱ्यांना मी हे कधी विचारले नाही. पण पाच हजार माझ्याही घरातूनच जातात, हा मुद्दा मी सोडणार नाही.

तटस्थ :
विचारले नाही, हे खरे आहे, आणि तेवढ्यापुरते माझे म्हणणे मागे घेतो. परंतु सह्यांनी काय साधते, हा प्रश्न राहतोच. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तो संघटनांनी कोयते खाली ठेवण्याचा इशारा दिला म्हणून. पुण्यातल्या सह्यांमुळे वाढला नाही.

बालाघाट :
दर आम्ही वाढवून घेतला, हे बरोबर आहे. मात्र गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेआधी खासगी दवाखान्याने जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम प्रशासनाने केला, तो बाहेरचे लोक ओरडले म्हणून. त्याआधी आमच्या बायका आपसांत बोलत होत्या आणि ते कोणाच्या कानापर्यंत पोहोचत नव्हते.

वाटसरू :
ताई, साखर आयुक्तांना द्यायच्या निवेदनात तीन मागण्या लिहिल्या आहेत : बाईची स्वतंत्र नोंद, खाड्याचा दंड बंद आणि तळावर शौचालय. पाठवण्याआधी आपण पाहाल का?

बालाघाट :
शौचालयाच्या आधी पाणी लिहा. गेल्या वर्षी तळावर पत्र्याची शौचालये उभी केली होती, पण पाणी दीड किलोमीटरवर होते, म्हणून बायकांनी त्यांत सरपण भरून ठेवले.