घरात वयस्कर माणसं आणि दारात पूर: तुमचे अनुभव लिहा

वाशिष्ठीकाठ
जून लागला की आमच्या चिपळूणच्या ग्रुपवर पावसाचे आणि पाण्याचे आकडे सुरू होतात. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर ती सवयच लागलीय. दर पावसाळ्यात 'ज्येष्ठांची विशेष काळजी घ्यावी' असं एक वाक्य वाचायला मिळतं. काळजी म्हणजे नेमकं काय, ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. सल्ले नकोत, घडलेलं लिहा. पूरच हवा असं नाही. वादळ, भूकंप, काहीही.

सुरुवात मी करते. पाणी वाढायला लागल्यावर आत्याला पोटमाळ्यावर चढवलं. वर खायला होतं, प्यायला होतं. अडलं ते लघवीला. भाचेजावयासमोर कसं बसायचं म्हणून बाईनं पाणी पिणंच सोडलं! संध्याकाळी गरगरायला लागलं तेव्हा कुठे कारण कळलं. आता पोटमाळ्यावर झाकणाची बादली, आडोशाला जुनी साडी आणि मोठ्यांचे डायपर कायम असतात.

सांगलीचा पाटील
आमच्याकडं अडचण आण्णांच्या आठवणीची होती. '२००५ ला पाणी पायरीला लागून परत गेलं, आताबी जाईल' हे एकच पालुपद. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५४ फुटांच्या आत राहिलं होतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं. तेवढ्या फरकात आमचा तळमजला बुडाला. आण्णांना दोन्ही गुडघ्यांचा त्रास, बोटीत पाय टाकता येईना. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, धोतरानं कमरेला बांधलं आणि चौघांनी खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. हत्ते मजबूत असलेली खुर्ची घ्या, हे आवर्जून सांगतो. आमच्या एका खुर्चीचा हत्ता उचलतानाच निघाला होता, नशीब ती रिकामी होती.

आयर्विनला इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. त्या आकड्यांची वाट आम्ही आता बघत नाही. ३५ झालं की आण्णा मिरजेला बहिणीकडं. चिडतात, पण जातात. त्यांना 'पूर येतोय' म्हणायचं नाही, 'ताईनं बोलावलंय' म्हणायचं.

वाशिष्ठीकाठ
हे भारी आहे. आत्याला असंच काहीतरी सांगावं लागणार.

दिवेआगरचा, सध्या न्यू जर्सी
३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आई-बाबा दोघंच घरी, त्यात कोविड. दुपारनंतर फोन लागेना. टॉवर बंद, वीज बंद, आणि वीज पुढे कितीतरी दिवस आली नाही. इथून मी दहा ग्रुपवर मेसेज टाकत होतो, पण तिकडे वाचणार कोण? निरोप आला तो म्हसळ्याहून दुचाकीवर आलेल्या मावसभावाकडून: छपराचे पत्रे गेले, माणसं ठीक. आईचं इन्सुलिन शेजारच्या काकूंनी डबीत घालून, डबी पिशवीत गुंडाळून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलं होतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून गावातल्या दोन घरांत आमच्या घराची किल्ली आणि आईच्या औषधांची यादी आहे. परदेशातल्या मुलांनी कॅमेरे बसवण्याआधी हे करावं, असं माझं मत. वीज गेली की कॅमेरा काय दाखवणार?

औसेकर
आजी किल्लारीजवळची. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात माळवद खाली आलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर; त्यात माणसं गेली. ती अंगणात बाजेवर झोपली होती म्हणून राहिली. अजून दाराला आतून कडी लावत नाही. आम्ही तिच्या उशाशी चप्पल आणि बॅटरी ठेवतो, कारण अंधारात काचांवर अनवाणी पाय पडला की पुढचं सगळं अडतं. याहून जास्त ती बोलत नाही.

सुमनताई_७४
वरचं सगळं वाचलं. आम्हाला उचलायचं कसं यावर चर्चा झाली, आम्हाला विचारायचं कसं यावर कुणी लिहिलं नाही! मी एकटी राहते. माझी पिशवी माझी मी भरते: औषधं (पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत, कंपनीचं नाव दुसऱ्या गावात मिळत नाही), जुना चष्मा, कवळीची डबी, कानाच्या यंत्राचे सेल, दहा-वीसच्या नोटा आणि शिट्टी. ओरडून घसा बसतो, शिट्टीला दम कमी लागतो. भिंतीवर ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आकडे खडूनं लिहिलेत. पिशवी कपाटात नाही, दाराच्या खुंटीला. सूनबाईंना ती दिसायला बरी वाटत नाही, असो.

आण्णांना 'ताईनं बोलावलंय' सांगता ते त्यांना कळत असणार बरं का.

सांगलीचा पाटील
कळतंय हो काकू. पिशवी ते आदल्या दिवशीच भरून ठेवतात. त्या औषधांच्या कागदाचा फोटो टाकाल का? तसाच करून लावतो.