दोघांचेही डोळे शार्प हवेत तर

जोडप्याच्या फोटोत ५० एमएमच्या लेन्सवर नवरी शार्प आणि नवरा धूसर येतोय म्हणालात, त्यात लेन्सचा दोष नाही. एफ १.८ ला (म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं असताना) दोन मीटरवरून फोकसची पट्टी, म्हणजे शार्प दिसणारी खोली, वीतभरही नसते. नवरा जरा मागे सरकला की गेलाच! छिद्र लहान करून एफ ४ ला या, दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर ठेवा. त्याने प्रकाश कमी येतो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. ग्रेन (फोटोतले दाणे) चालतो, हललेला फोटो नाही.

पोझचं म्हणाल तर, माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मामेभाऊ आणि वहिनी. (फुकट, अर्थात.) ‘स्माइल’ म्हटलं की दादा पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ. शेवटी म्हटलं, हात धरून माझ्याकडे चालत या आणि लग्नात कोणाची फजिती झाली ते वहिनीला सांग. शटर १/२५० सेकंद, बर्स्ट (एकामागोमाग फोटो) चालू. तिसऱ्या पावलाला वहिनी त्याच्या दंडावर कपाळ टेकून हसली. तेवढाच एक फोटो फ्रेम झाला, बाकी चाळीस हार्ड डिस्कवर पडून आहेत.

उंचीत फार फरक असेल तर जिना शोधा, उंच माणूस एक पायरी खाली.