घरच्या घरी मोजलेले सहा घोडे: खरे की मनातले?

तिसरा_गियर

गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, इंजिनची ताकद कागदावर ८३ पीएस, म्हणजे ८३ घोडे. मध्यंतरी कंपनीचा कागदी एअर फिल्टर काढून धुता येणारा कॉटनचा टाकला. साडेचार हजार गेले. घरातून प्रश्न आला, "याने नक्की काय झालं?" म्हटलं, उत्तर आकड्यातच देऊ.

डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, न्यायचं म्हणजे पुन्हा खर्च. म्हणून रविवारी पहाटे रांजणगाव एमआयडीसीतला एक मोकळा, सरळ रस्ता गाठला. तिसरा गियर, गाडी ४० च्या जरा खाली स्थिर धरायची आणि मग पाय तळाला. ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे मोबाइलला पाठवणारी डबी) आणि मोबाइलवर नोंदवायचं. जुन्या फिल्टरवर सरासरी ७.२ सेकंद, पुढच्या रविवारी नव्यावर ६.७.

पुढचं गणित नववी-दहावीचं. गाडी आणि मी मिळून ९५० किलो. ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, ८० म्हणजे २२.२. या दोन वेगांच्या गतिज ऊर्जेतला फरक सुमारे १ लाख ७६ हजार जूल. त्याला ७.२ ने भागलं की २४.४ किलोवॅट, ६.७ ने भागलं की २६.३. वाढ साडेसात टक्के. ८३ चे साडेसात टक्के म्हणजे सहा घोडे!

माझं म्हणणं एवढंच की डायनोवाल्याला पैसे देण्याची गरज नाही. पटतंय का?

गॅरेजवाला_नाना

अरे बाबा, जुना फिल्टर किती किलोमीटर चाललेला होता ते लिहिलंच नाहीस. तीसेक हजार चालून मातीने भरलेला कागद काढायचा आणि कोरा कॉटन टाकून म्हणायचं पिकअप वाढला! कंपनीचाच नवा कागदी टाकला असतास तरी तेवढाच वाढला असता, आणि साडेचार हजार खिशात राहिले असते. माझ्याकडे आठवड्याला एक तरी पोरगा येतो, "नाना, गाडी आता नुसती उडते." बॉनेटखालचा आवाज वाढलेला असतो, दुसरं काही नाही.

रोलरवाला

नानांना +१. आणि घरी मोजणं हा शुद्ध टाइमपास आहे. वारा, चढ, ट्रॅफिक, यातलं काय तुमच्या हातात असतं? डायनोवर गाडी बांधा, तीन रन घ्या, आलेख हातात घ्या. ज्याला हजारो रुपये पार्टवर घालता येतात त्याला मोजण्यासाठी थोडे जड का व्हावेत?

काटेकोर

पद्धत वाईट नाही, शेवटची उडी चुकीची आहे. तिसऱ्या गियरला ८० वर तुमचं इंजिन ४००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असणार. ८३ पीएस मिळतात ६००० ला. तिथपर्यंत तुम्ही गेलाच नाहीत, मग ८३ चे टक्के कसे काढता? शिवाय हवेला आणि टायरच्या घर्षणाला लागलेली ताकद हिशेबात धरलेलीच नाही. ती दोन्ही वेळा सारखीच, म्हणजे एकूण ताकद जास्त आणि वाढीचा टक्का साडेसातपेक्षा कमी.

आता चढ. शंभर मीटरला एक मीटर चढ डोळ्याला दिसत नाही. ९५० किलोच्या गाडीला ६० च्या वेगात तेवढ्या चढाला साधारण २.१ पीएस लागतात. तुमच्या दोन आकड्यांमधला फरक आहे २.५ पीएस. दोन्ही दिशांना धावून सरासरी काढली होती का?

आणि एक खोचक प्रश्न: दोन्ही रविवारी गाडीत कोण कोण होतं?

तिसरा_गियर

@काटेकोर दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा धावलो होतो, तेवढी अक्कल आहे. एसी बंद, टायरची हवा तीच, टाकी दोन्ही वेळा अर्धी.

@नाना जुना फिल्टर २२ हजार चालला होता. कबूल.

गाडीत कोण होतं... पहिल्या रविवारी भाचा आला होता, मोबाइल धरायला. दुसऱ्या रविवारी त्याची परीक्षा होती.

काटेकोर

भाच्याचं वजन?

तिसरा_गियर

५८.

काटेकोर

म्हणजे पहिल्या दिवशी १००८ किलो. ५८ किलो उतरवले की ७.२ चे साधारण ६.८ होतात. फिल्टरच्या वाट्याला आला सेकंदाचा दहावा हिस्सा. सहापैकी पाच घोडे भाच्याचे.

पॉपकॉर्न_पुणेकर

भाचा विकायला आहे का? बोल्ट-ऑन (नुसता बोल्ट आवळून बसणारा) असेल तर घेतो.

रोलरवाला

हेच सांगत होतो! म्हणून डायनो.

इंजिन_मास्तर

@रोलरवाला दमानं घ्या, डायनो काही ब्रह्मवाक्य नव्हे. तो चाकांपाशीची ताकद मोजतो. इंजिनची सांगताना वर पंधरा-वीस टक्के चढवतात ते अंदाजानेच. पट्टे किती आवळले, बॉनेटपुढे पंखा कसा लावला, आधीच्या रनने इंजिन किती तापलंय, सगळ्याने आकडा हलतो. त्यातून हवामानाची दुरुस्ती. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-एक टक्के कमी. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या गाडीला डायनोचं सॉफ्टवेअर तेवढं वाढवून देतं, ते रास्त आहे. टर्बो गाडी मात्र ही घट बरीचशी स्वतःच भरून काढते. तिलाही तीच दुरुस्ती लावली की फुकटचे घोडे. असे आलेख फ्रेम करून लावलेले मी पाहिलेत.

घरी मोजणाऱ्याला खरा आकडा कळत नाही, मान्य. पण त्याला हवा असतो आधी-नंतरचा फरक. तो कळू शकतो, एका अटीवर: जुना पार्ट परत लावून पुन्हा मोजायचं. जुना, नवा, जुना, नवा. एकाच सकाळी, त्याच रस्त्यावर. फिल्टर बदलायला पाच मिनिटं लागतात, सबब नाही. जुना परत लावल्यावर वेळ पहिल्यासारखा आला नाही तर समजायचं, फिल्टरशिवाय दुसरंच काहीतरी बदललंय.

दुसरं, ओबीडीवरचा वेग पूर्ण किलोमीटरमध्येच येतो, ६१ नंतर थेट ६२. आरपीएम पाव-पाव टप्प्याने येतो. गियर तोच असेल तर वेगाऐवजी आरपीएम नोंदवा, २२०० ते ४००० ला किती वेळ. आणि स्वस्त डोंगल सेकंदाला मोजक्याच नोंदी देतं, म्हणून बाकीचे पॅरामीटर बंद ठेवा.

ॲपमध्ये थेट 'हॉर्सपॉवर' दिसते तिच्या नादी लागू नका. काही गाड्यांत ती हवेच्या सेन्सरवरून काढलेली असते. तेल लावलेल्या कॉटन फिल्टरचं तेल त्या सेन्सरवर बसलं की आकडाच बिघडतो. ज्या गाड्यांत तो सेन्सर नाही तिथे इंजिनची हवा भरण्याची कार्यक्षमता आपणच ॲपला टाइप करून सांगतो. ८५ ऐवजी ९० टाका, झाले घोडे.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत इंजिनची ताकद बदलणारं काही लावलं तर त्याचं प्रमाणपत्र हवं किंवा तपासणी करून गाडीच्या कागदावर नोंद हवी, नाहीतर गाडीची रस्त्यावरची परवानगीच जाते. त्यामुळे असले वाद कमी होतात आणि बिलं मोठी होतात. बाकी पीएस म्हणजे ७५ किलो एका सेकंदात एक मीटर उचलणं, ७३५.५ वॅट. इंग्रजी घोडा ७४५.७ चा. तुमचे ८३ पीएस इंग्रजी कागदावर ८२ च होतात. एक घोडा असाच पळाला.

नियमाने_चला

कोणीच बोलत नाही म्हणून मी वाईट होतो. सार्वजनिक रस्त्यावर पाय तळाला दाबून कसले प्रयोग? एमआयडीसीत रविवारीही शिफ्ट असते, सायकलवरून माणसं जातात. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

गॅरेजवाला_नाना

फिल्टरसाठी कोणी पावती फाडत नाही हो, सायलेन्सर वाजला की फाडतात. पण सायकलवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. पोरा, ८० च्या वर जाऊ नकोस आणि आरशात बघत जा.

तिसरा_गियर

काल पहाटे पुन्हा जाऊन आलो. एकटाच. दर वेळी आधी एक फेरी हळू मारून रस्ता रिकामा आहे ना पाहिलं. नानांच्या सांगण्यावरून कंपनीचा नवा कोरा कागदी फिल्टरही नेला. आलटून पालटून, प्रत्येक आकडा दोन्ही दिशांची सरासरी, ४० ते ८०:

कॉटन: ६.७, ६.८, ६.६, ६.७
नवा कागदी: ६.७, ६.७, ६.८, ६.६
जुना, मातीचा: ६.८, ६.७, ६.९, ६.८

कॉटन आणि नवा कागदी यांत काडीचा फरक नाही. मातीच्या फिल्टरचा थोडा जाणवतो, पण एकाच फिल्टरच्या चार फेऱ्यांतच सेकंदाचे दोन दशांश इकडेतिकडे होतात, त्यामुळे त्यावरही पैज लावणार नाही. घरात अजून सांगितलेलं नाही.

रोलरवाला

डायनोवर गेला असता तर एका दुपारी कळलं असतं.

तिसरा_गियर

कळलं असतं की छापून मिळालं असतं?

डिझेल_दादा

उशिरा आलो. माझ्या टर्बो डिझेलला रिमॅप केलाय, म्हणजे इंजिनच्या संगणकातली कंपनीची फाइल बदलून घेतलीय. ते करून देणारा ट्यूनर ताकद वीस टक्के वाढली म्हणतोय. आरपीएमवाली पद्धत चालेल का?

इंजिन_मास्तर

चालेल, वीस टक्के खरे असतील तर वाऱ्या-चढात लपणार नाहीत. फक्त जुना पार्ट परत लावण्याऐवजी ट्यूनरकडून कंपनीची फाइल पुन्हा टाकून घ्यावी लागेल, ती त्याने जपून ठेवली आहे का ते आधी विचारा. आणि तुमच्या बाबतीत आरपीएमसोबत वेगही नोंदवा. वाढलेल्या टॉर्कने (इंजिनच्या पिळाच्या जोराने) क्लच घसरायला लागला तर आरपीएम झरझर चढतो, गाडी तिथेच असते आणि ॲप म्हणतं घोडे वाढले.