रस्टचा प्रोग्रॅम १६ थ्रेडवर ४ थ्रेडपेक्षा हळू, मॅलॉकचं (मेमरी देणाऱ्या फंक्शनचं) लॉक आडवं येतंय काय?

उद्यमबागवाला:
मंडळी, इथल्या एका मशीन शॉपसाठी सीएनसीचे लॉग वाचून रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहिलाय. लॅपटॉपवर उबुंटूत झकास पळतो, पण तोच अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या डॉकर इमेजमध्ये घालून सर्व्हरवर चढवला की ४ थ्रेडपेक्षा १६ थ्रेडला जास्त वेळ लागाय लागलाय. माझ्या कोडमध्ये म्युटेक्स (लॉक) एकबी नाही, प्रत्येक थ्रेडला वेगळी फाइल दिलीय. पर्फ (वेळ कुठं जातो ते दाखवणारं टूल) लावला तर वर सगळं फ्युटेक्स (लॉकसाठी थांबणं) आणि मॅलॉक. दोन रात्री गेल्या यात, कुणी बघितलंय काय असलं?

खानापूरकर:
बघितलंय की. लॉक तुझ्या कोडमध्ये नाही, मसल या सी लायब्ररीच्या मॅलॉकमध्ये आहे, अख्ख्या प्रोसेसला मिळून एकच. आणि अल्पाइन म्हटलं की मसल आलंच. तुमच्या शॉपमध्येच बघ, १६ टर्नर आणि स्टोअरच्या खिडकीत माणूस एकटा, इन्सर्ट (कापायचे तुकडे) घ्यायलाबी तिथंच जायचं आणि परत द्यायलाबी तिथंच, मग मशीनी उभ्या राहणारच की. उबुंटूतल्या जीलिबसी या सी लायब्ररीनं २०१७ ला २.२६ मध्ये प्रत्येक थ्रेडला स्वतःचा कॅशे दिला, म्हणजे टर्नरच्या ड्रॉवरमध्ये मूठभर इन्सर्ट आधीच ठेवलेले, लहान साइजला बहुतेक वेळा लॉकपर्यंत जावंच लागत नाही. म्हणून लॅपटॉपवर तुला हे कळलं नाही. रस्टनंबी जानेवारी २०१९ ला १.३२ मध्ये जेमॅलॉक हा ॲलोकेटर (मेमरी वाटणारा) काढून सिस्टिमचा ॲलोकेटर डिफॉल्ट केला, म्हणजे अल्पाइनवर मसलचाच. मीमॅलॉक हा वेगळा ॲलोकेटर अख्ख्या प्रोग्रॅमसाठी ग्लोबल ॲलोकेटर म्हणून लाव, दोन-तीन ओळींचं काम आहे.

निपाणीकर:
ते लाव, पण आधी एवढी मेमरी मागतोसच कशाला ते बघ रे. ओळ फोडताना प्रत्येक फील्डची नवी स्ट्रिंग करतोयस ना? स्लाइस घे, म्हणजे कॉपी न करता मूळ ओळीचाच तुकडा. ओळीचा बफर लूपच्या बाहेर एकदाच कर, दर वेळी क्लिअर करून तोच वापर, कपॅसिटी तशीच राहते. आणि डेबियनच्या इमेजवर (तिथं जीलिबसी असतं) गेलास तर मेमरीवर लक्ष ठेव, ६४ बिटवर जीलिबसी कोअरच्या ८ पट अरीना (मेमरीचे वेगवेगळे साठे) करू शकतं, कंटेनरची लिमिट लहान असेल तर त्यांची संख्या बांधून टाक.

उद्यमबागवाला:
आधी निपाणीकरांचं केलं, मसल तसंच ठेवून. एका ओळीत २२ फील्ड आणि मी २२ स्ट्रिंगी करत होतो, नुसतं तेवढं काढल्यावर १६ थ्रेड ४ च्या पुढं गेले. मग मीमॅलॉक लावलं, आता पर्फमध्ये फ्युटेक्स शोधावा लागतोय. तारीख पार्स करताना अजून एक स्ट्रिंग होतेय, ती आज रात्री काढतो. लय उपकार झाले बघा दोघांचे.