दोन नावं, सिनेमा एकच

'नाइट ऑफ द ईगल' आणि 'बर्न, विच, बर्न' हे दोन वेगळे सिनेमे आहेत असं कधीकधी धरलं जातं. सिनेमा एकच आहे: १९६२चा, चेटकावरचा, ब्रिटिश, कृष्णधवल, दिग्दर्शक सिडनी हेयर्स. अमेरिकेत नाव बदललं आणि सुरुवातीला काळ्या पडद्यावर पॉल फ्रीजच्या आवाजातलं निवेदन जोडलं. पहिल्यांदा बघणार असाल तर ब्रिटिश प्रतच शोधा. त्या निवेदनात चेटूक खरंच असतं हे आधीच मान्य करून टाकलंय, आणि सिनेमाचा जीव तर ते खरं की खोटं या संशयातच आहे.

पीटर विनगार्डचा नॉर्मन हा कशावरच विश्वास नसलेला प्राध्यापक. बायकोने घरभर लपवलेले ताईत-गंडे तो जाळायला लावतो आणि तिथून सगळं बिनसत जातं. आदल्याच वर्षी 'द इनोसन्ट्स' या सिनेमामध्ये विनगार्ड स्वतः भूत होता! बायको झालेल्या जॅनेट ब्लेअरची ओळख हलक्याफुलक्या भूमिकांची, म्हणून तिची इथली घालमेल जास्त भिडते. मार्गारेट जॉन्स्टनच्या भूमिकेबद्दल आत्ता काहीच सांगत नाही.

शक्यतो हेडफोन लावा. नॉर्मनच्या व्याख्यानाच्या टेपमध्ये खाली दुसराच आवाज मिसळलाय, लहान स्पीकरवर तो हरवतो. आणि फळ्यावरच्या 'आय डू नॉट बिलीव्ह' या ओळीवर शेवटपर्यंत नजर ठेवा.